कुत्र्याला औषधाच्या ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणतात? सही करण्याआधी हे वाचा

झिपरीच्या पोटावरच्या गुलाबी कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले, तेव्हा मला वाटलं उन्हाचं काहीतरी असेल. मे महिना होता, कूलर रात्रंदिवस चालू होता, घरात सगळ्यांच्याच अंगावर काही ना काही उठलेलं होतं. दोन दिवसांनी तिनं भाकरीला तोंड लावलं नाही. रक्त तपासलं तर प्लेटलेट चाळीस हजार. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. गोचीड ताप. डॉक्टरांनी औषध लिहायला घेतलं आणि शेजारी उभी असलेली पदव्युत्तर विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "ताई, माझा अभ्यास यावरच चालू आहे. तुमची डॉग त्यात घेऊ का?"

मी हो म्हटलं, सही केली आणि कागद घरी आल्यावर वाचला. कागद नीट होता, मुलगी प्रामाणिक होती, झिपरी बरी झाली. तरी वाचणं आधी आणि सही नंतर असायला हवी होती, हे मला त्या रात्री झोप येईना तेव्हा कळलं. त्यानंतर ओळखीपाळखीतून बरेच फोन आले: खामल्याहून, कामठीहून, एकदा भंडाऱ्याहून. सगळ्यांचा प्रश्न एकच, "डॉक्टर ट्रायल म्हणतात, काय करू?" त्यांना जे सांगते तेच इथे क्रमानं लिहिते.

आधी एक फरक समजून घ्या

नेहमीच्या उपचारात डॉक्टर तुमच्या कुत्र्याकडे बघून औषध ठरवतात. आज फरक पडला नाही तर उद्या बदलतात. ट्रायलमध्ये काय द्यायचं, किती दिवस द्यायचं, कधी रक्त घ्यायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असतं आणि अभ्यासातल्या सगळ्या कुत्र्यांना ते सारखं लागू असतं. तिथे एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं. तुमच्या कुत्र्याचा त्यात फायदा होऊ शकतो, पण तेवढ्यासाठी ती योजना आखलेली नसते. हा फरक जो डॉक्टर स्वतःहून, तुम्ही न विचारता सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास लवकर बसतो.

आणि हे काम मोलाचं आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. आपल्याकडे म्हाताऱ्या पॉमेरियनला खोकला लागतो, डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि हृदयाची झडप गळतेय म्हणतात. अशा कुत्र्यांना आज पिमोबेंडन नावाची गोळी देतात. लक्षणं दिसायच्या आधीच, नुसतं हृदय मोठं झालेलं असताना ती सुरू केली तर उपयोग होतो का, हे ठरलं एका ट्रायलमधून. ११ देशांतली ३६ केंद्रं आणि ३६० कुत्री, सगळी लोकांच्या घरची. निम्म्यांना औषध, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. २०१६ मध्ये निकाल छापून आला: औषध घेणाऱ्या गटात हृदय निकामी होण्याचा टप्पा साधारण १५ महिन्यांनी पुढे गेला. कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने म्हणजे केवढा काळ! त्या ३६० घरांनी होकार दिला म्हणून आज नागपुरातल्या डॉक्टरला ती गोळी कधी सुरू करायची हे ठाऊक आहे.

सगळ्याच ट्रायल औषधाच्या नसतात. अमेरिकेत २०१२ पासून तीन हजारांवर गोल्डन रिट्रिव्हर कुत्र्यांचा एक अभ्यास चालू झाला, त्यात कसलंच औषध दिलं जात नाही. दरवर्षी तपासणी, नमुने आणि मालकांनी भरलेली माहिती, एवढंच. तिथल्याच राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा कुत्र्यांच्या कर्करोगावरचा कार्यक्रम २००३ पासून आहे. कुत्र्याला आपोआप होणारा कर्करोग माणसाच्या कर्करोगाशी बराच मिळताजुळता असतो, त्यामुळे एका औषधाचा अभ्यास दोघांच्या उपयोगी पडतो. घरच्या वयस्क कुत्र्यांना रॅपामायसिन नावाचं औषध देऊन त्यांचं आयुष्य वाढतं का, हेही तिकडे तपासलं जातंय.

हे वाचून कोणी इंटरनेटवर अर्ज भरायला बसेल, म्हणून सांगून ठेवते. अशा अभ्यासांना कुत्रं ठरावीक दवाखान्यात पुन्हा पुन्हा प्रत्यक्ष न्यावं लागतं, आणि तिकडचे बरेच अभ्यास फक्त तिथे राहणाऱ्या कुत्र्यांसाठी असतात. "परदेशातल्या ट्रायलमध्ये तुमच्या डॉगची जागा करून देतो" म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

पायरी १: निदान पक्कं करा, फाइल तयार करा

ट्रायलमध्ये "बहुतेक टिक फिव्हर असावा" चालत नाही. रक्ताच्या काचपट्टीवर जंतू दिसले, पीसीआर पॉझिटिव्ह आली, गाठीतून सुईनं पेशी काढून तपासल्या, असा काहीतरी पुरावा लागतो. म्हणून ट्रायलचा विचार मनात नसला तरी प्रत्येक तपासणीचा कागद जपा. प्लास्टिकची एक साधी फाइल घ्या. त्यात सर्वात वर लसीकरणाचं कार्ड, मग तारखेनुसार रक्ताचे अहवाल, सोनोग्राफी, एक्स-रे. शेवटी एक कोरा कागद, ज्यावर आतापर्यंत दिलेलं प्रत्येक औषध, कधी सुरू, कधी बंद.

हा शेवटचा कागद सर्वात महत्त्वाचा. गोचिडाची जी चघळायची गोळी देतात तिच्यातल्या काहींचा असर तीन महिने टिकतो. तुम्हाला वाटतं, कधीची संपली. अभ्यासाच्या दृष्टीनं ती अजून अंगात आहे. हळद, आयुर्वेदिक थेंब, कोणी दिलेली पावडर, सगळं लिहा. लाजू नका, कोणी रागावणार नाही.

आणि स्टेरॉइड. याबद्दल मी हात जोडून सांगते. मानेखाली, गुडघ्यामागे गाठी आल्या, कुत्रं मलूल झालं, आणि कोणीतरी प्रेडनिसोलोन सुरू केलं, तर दोन दिवसांत गाठी बसतात आणि घरात आनंदीआनंद होतो. पण तो लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, असेल तर त्या गोळ्यांमुळे निदान धूसर होतं, पुढच्या केमोथेरपीला तो कमी दाद देऊ शकतो, आणि लिम्फोमाच्या बऱ्याच ट्रायलची दारंही बंद होतात. गाठ दिसली की आधी सुईची तपासणी (एफएनएसी), मग स्टेरॉइड. डॉक्टरांना हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे: "सर, याच्या आधी एफएनएसी करून घ्यायची का?"

पायरी २: कुठे विचारायचं

नागपूरकर यात नशीबवान आहेत. सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं, आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही याच शहरात, फुटाळ्याच्या बाजूला. पशुवैद्यकीय महाविद्यालयांत एमव्हीएससी आणि पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी अभ्यास करावा लागतो. औषधशास्त्र, शल्यचिकित्सा, प्रजनन अशा विभागांत तो बहुधा ओपीडीत येणाऱ्या कुत्र्यांवरच होतो. आपल्याकडे "ट्रायल" म्हणून जे कानावर येतं ते बहुतांशी हेच. कुत्री थोडी, गट दोन-तीन, काळ काही आठवड्यांचा. गोचीड ताप, खरूज, मूत्रपिंडाचे विकार, पार्व्हो, मादीच्या आचळातल्या गाठी, जननेंद्रियावरच्या संसर्गी गाठी असे आपल्या गल्लीतलेच आजार त्यांचे विषय असतात.

विचारायचं कसं? केस पेपर काढून डॉक्टरांना दाखवताना सरळ विचारा, "या आजारावर सध्या कोणाचा अभ्यास चालू आहे का?" एवढं एक वाक्य पुरतं. मोठ्या कंपन्यांच्या औषधांचे अभ्यास असतील तर ते ठरलेल्या खासगी दवाखान्यांतूनही होतात. तेव्हा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा. नेहमीच्या डॉक्टरांना बाजूला ठेवून काहीही करू नका. ट्रायल संपली की कुत्रं परत त्यांच्याकडेच येणार आहे.

एका ठिकाणी मला "ट्रायल" या शब्दाखाली सांधेदुखीची बाटली विकायचा प्रयत्न झाला. ठिकाणाचं नाव घेत नाही. झिपरीची आई त्या वेळी दहा वर्षांची होती, जिना चढताना कण्हायची. "आमच्याकडे नवीन ट्रायल चालू आहे, महिन्याच्या बाटलीला अमुक पैसे." कागद मागितला तर नाही. मंजुरी कोणाची विचारलं तर हसले. परत कधी यायचं म्हटलं तर "बाटली संपली की या." तिला काय झालंय हे तपासलंही नव्हतं. संमतीपत्र नाही, ठरलेली तपासणी नाही, नोंद नाही, तर ती विक्री आहे. मी पट्टा हातात घेतला आणि बाहेर पडले.

पायरी ३: आपलं कुत्रं त्यात बसतं का

वय, वजन, जात, आजाराची पायरी, आधीची औषधं, बाकीचे आजार, गाभण आहे का, यावर ते ठरतं. नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. गोचीड तापासोबत मूत्रपिंडही बिघडलेलं असेल, तर ते कुत्रं अभ्यासाबाहेर ठेवणं त्याच्याच हिताचं असतं. आत जाण्यासाठी वय कमी सांगू नका, औषध लपवू नका. आणि ट्रायलमध्ये बसावं म्हणून चालू औषध स्वतःच्या मनानं तर मुळीच बंद करू नका. स्टेरॉइड किंवा फिटचं औषध एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.

रस्त्यावरच्या ज्या कुत्र्यांना आपण खाऊ घालतो त्यांचं काय, असं बरेच जण विचारतात. जननेंद्रियावरच्या संसर्गी गाठी त्यांच्यातच जास्त दिसतात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण रोज ठरल्या वेळी औषध द्यायला आणि ठरल्या दिवशी आणायला कुत्रं हाताशी हवं. तेवढे दिवस अंगणात बांधून ठेवायची तयारी असेल तरच विषय काढा.

पायरी ४: संमतीपत्र

इथे घाई करू नका. कागद घरी न्यायला मागा. एक रात्र तरी. आजार तातडीचा असेल आणि रात्रभर थांबणं शक्य नसेल, तर तिथेच बाकावर बसा आणि डॉक्टरांना ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगायला लावा. कुत्र्याला विचारता येत नाही. त्याच्या वतीनं हो म्हणणारं माणूस एकच, आणि ते तुम्ही.

कागदात मी काय शोधते ते सांगते.

पहिलं, मंजुरी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे, आणि प्रयोग करणाऱ्या संस्थेत प्राण्यांसाठीची आचारसमिती असते. तिच्यात त्या संस्थेबाहेरचा एक शास्त्रज्ञ आणि विज्ञान क्षेत्राबाहेरचा, समाजाची जाण असलेला एक सदस्य असतो. "तुमच्या अभ्यासाला आचारसमितीची मंजुरी आहे का, क्रमांक काय?" हा प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच बरंच कळतं. ज्याचं काम स्वच्छ आहे तो लगेच फाइल उघडतो. जबाबदार डॉक्टर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदलेले आहेत ना, हेही पाहा. नोंदणी क्रमांक शिक्क्यावर असतो.

दुसरं, गट. माझ्या कुत्र्याला काय मिळणार? काही अभ्यासांत सगळ्यांना तेच औषध देतात. काहींत अर्ध्यांना रुळलेलं औषध आणि अर्ध्यांना त्याच्या जोडीला नवीन. हा प्रकार मला सर्वात सोपा वाटतो, कारण कोणीच उघड्यावर पडत नाही. आणि काहींत एका गटाला प्लासिबो, म्हणजे बिनऔषधाची गोळी. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. डॉक्टरांनाही ते माहीत नसतं आणि तुम्हालाही. प्लासिबो म्हटलं की लोक बिचकतात. ज्या आजारात महिनाभर थांबून काही बिघडत नाही तिथे मी त्याला घाबरत नाही. पण ज्याच्यावर खात्रीचं औषध आधीच आहे आणि थांबलं तर जीव जाऊ शकतो, अशा आजारात नुसता प्लासिबो देतो म्हणाले तर मी सही करणार नाही. गोचीड तापात साधारण २८ दिवस डॉक्सिसायक्लिन देतात. ते सोडून नुसती खडूची गोळी? नाही.

तिसरं, "फरक पडला नाही तर काय?" ठरावीक दिवसांत कुत्रं सुधारलं नाही किंवा खालावलं, तर त्याला अभ्यासातून काढून नेहमीचं औषध सुरू करायची तरतूद कागदावर असायला हवी. ती तोंडी असून भागत नाही. प्लेटलेट किती खाली गेल्या की थांबणार, ताप किती दिवस राहिला की थांबणार, असे आकडे लिहिलेले असले तर उत्तम.

चौथं, अंगाला काय काय होणार. किती वेळा सुई, किती रक्त, भूल द्यावी लागेल का, तुकडा काढणार का. रक्ताची भीती लोकांना फार असते, म्हणून हिशोब सांगते. कुत्र्याच्या अंगात दर किलो वजनामागे ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं. वीस किलोच्या कुत्र्यात दीड लिटरच्या वर. एका वेळेला घेतात ते बहुधा तीन ते पाच मिलिलिटर, म्हणजे चमचाभर. पण दीड किलोच्या पिल्लाचा हिशोब वेगळा, आणि आधीच रक्त कमी असलेल्या कुत्र्याचाही. तिथे विचाराच.

पाचवं, नमुने आणि फोटो. उरलेलं रक्त किंवा गाठीचा तुकडा पुढच्या अभ्यासासाठी ठेवणार असतील तर तसं लिहिलेलं असावं. सहावं, आणि हे नसेल तर कागद परत द्या: "मालक कधीही, कारण न देता, कुत्र्याला अभ्यासातून काढून घेऊ शकतो आणि त्यामुळे पुढच्या उपचारावर परिणाम होणार नाही."

सही झाली की प्रत मागून घ्या. निदान मोबाइलमध्ये फोटो काढा. आणि सही त्यानं करावी जो घरी खरंच गोळी देणार आहे. बाबांची सही आणि औषध द्यायला आजी, असं झालं की अर्ध्या गोष्टी आजीपर्यंत पोचतच नाहीत.

पायरी ५: पैसे

अभ्यासाचं औषध आणि अभ्यासापुरत्या तपासण्या फुकट असतात, असं बहुतेकांना वाटतं. बऱ्याचदा असतातही, पण नेहमी नाही. विद्यार्थ्याच्या प्रबंधाला कंपनीसारखा पैसा नसतो. तीन प्रश्न विचारा: कुठल्या तपासण्या तुमच्याकडून, कुठल्या माझ्याकडून, औषधाचा त्रास होऊन भरती करावं लागलं तर खर्च कोणाचा, अभ्यास संपल्यावर तेच औषध चालू ठेवायचं झालं तर ते बाजारात मिळतं का आणि केवढ्याला.

पायरी ६: तपासणीचा दिवस

तारखा मिळाल्या की त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दहाव्या दिवसाचं रक्त चौदाव्या दिवशी दिलं तर ते त्या अभ्यासाला निरुपयोगी ठरू शकतं. लग्न, गावाला जाणं, दिवाळी, सगळं आधी बघून मगच हो म्हणा.

एप्रिल-मेमध्ये सकाळचीच वेळ मागून घ्या. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, नवतपात तर दुपारी डांबरावर हात टेकवत नाही. त्याच डांबरावर कुत्रं अनवाणी चालणार आहे. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना दुपारी बाहेर काढूच नका. सोबत पाण्याची बाटली, पसरट भांडं आणि ओला पंचा ठेवा. ऑटोवाले बरेचदा नाही म्हणतात, म्हणून आदल्या दिवशीच ओळखीचा एखादा सांगून ठेवा. उन्हात धापा टाकत पोचलेल्या कुत्र्याचं तापमान चढलेलं असतं आणि तेच नोंदीत जातं. पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं झाडाखाली बसू द्या, मग आत न्या. कुत्र्याचं साधारण तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त. हात लावून "अंग गरम आहे" म्हणण्यात अर्थ नाही, थर्मामीटर लावावा लागतो.

उपाशी आणायला सांगितलं असेल तर रात्रीचं जेवण देऊन सकाळी फक्त पाणी. पिल्लू किंवा मधुमेही कुत्रं असेल तर आधी विचारा. तोंडाला बांधायचं मुसकं घरूनच न्या, आणि आधी आठवडाभर घरी घालायची सवय लावा, आत बिस्किट ठेवून. झिपरीला पहिल्यांदा तिथलं परकं मुसकं घातलं तेव्हा ती थरथरत होती. दुसऱ्या वेळी आमचं स्वतःचं नेलं, तिनं नाक आपणहून आत घातलं. पुढच्या पायावरचे केस टपालाच्या तिकिटाएवढे भादरतात, स्पिरिटनं शीर उठून दिसते, आणि मग सुई. तुम्ही डोक्याशी उभे राहा, कान चोळत राहा, तुमचा आवाज स्थिर ठेवा. जांभळ्या झाकणाची नळी हलकेच उलटीसुलटी करत असताना ती मुलगी झिपरीशी बोलत होती, "झालं गं बाई, झालं." मला ते फार बरं वाटलं.

रिकाम्या गोळ्यांची पाकिटं, उरलेलं औषध परत न्या. ते मोजतात. एखादा डोस चुकला असेल तर चुकला म्हणून सांगा. उरलेल्या गोळ्या लपवायला कचऱ्यात टाकल्या तर औषध लागू पडलं की नाही याचा हिशोबच चुकतो.

गोळी कशी द्यायची, अन्नासोबत की उपाशी, दुधात चालते का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. डॉक्सिसायक्लिन कोरडी घशात ढकलली तर अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होऊ शकते. मागून घास किंवा पाणी द्यायलाच हवं.

पायरी ७: वही

रोज एकाच वेळी, चार ओळी. किती खाल्लं, शी-शू कशी, उलटी झाली का, चालणं कसं. हिरड्या बघा, ओठ वर करून: गुलाबी, फिकट की पिवळसर. हृदयाचा आजार असेल तर कुत्रं गाढ झोपलेलं असताना छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. साधारण तीसच्या आत असावी, रोज वाढत गेली तर लगेच फोन करा.

जे दिसलं तेच लिहा, वाटलं ते वेगळं लिहा. याला कारण आहे. सांधेदुखीच्या एका ट्रायलमधल्या प्लासिबो गटातली ५८ कुत्री तपासली होती, निकाल २०१२ मध्ये आला. पायावर किती भार पडतो हे यंत्रानं मोजलं होतं आणि मालकांनाही विचारलं होतं. यंत्र म्हणत होतं फरक नाही, आणि निम्म्याहून जास्त वेळा मालक म्हणत होते लंगडणं कमी झालं! डॉक्टरांचंही बरेचदा तसंच झालं. आपलं प्रेम डोळ्यांना फसवतं. म्हणून "आज बरी वाटली" ऐवजी "ओट्याची पायरी पहिल्या प्रयत्नात चढली" असं लिहा. आणि एकाच ओट्याचा, एकाच बाजूनं, आठवड्याला एक छोटा व्हिडिओ काढा. विद्यार्थिनीला माझ्या वहीपेक्षा त्या व्हिडिओचा जास्त उपयोग झाला.

पायरी ८: काही बिघडलं तर

पहिल्याच दिवशी रात्री फोन करायचा नंबर मागून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. सतत उलट्या, काळी शी, नाकातून रक्त, फिट, हिरड्या पांढऱ्या पडणं, उठताच न येणं: यातलं काही दिसलं तर उद्याच्या तारखेची वाट पाहू नका. जवळचा जो दवाखाना उघडा असेल तिथे न्या आणि सांगा की कुत्रं अभ्यासात आहे, हा कागद. गट गुप्त ठेवलेला असला तरी अशा वेळी तो उघड करता येतो, त्याची सोय असायला हवी. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी मात्र कधीच देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड जातं.

आणि तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा. "मुलीचा प्रबंध अडेल" म्हणून संकोच करणारी माणसं मी पाहिली आहेत. संकोच करू नका. फक्त न सांगता गायब होऊ नका. फोन करून सांगा, शेवटची तपासणी करून घ्या, औषध एकदम सोडायचं की हळूहळू कमी करायचं ते विचारा.

संपल्यानंतर

आपल्या कुत्र्याला कुठला गट मिळाला होता, हे अभ्यास पूर्ण झाल्यावर विचारा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ते कळायला हवं. प्रबंध पूर्ण व्हायला वेळ लागतो. कृषी आणि पशुवैद्यकीय विद्यापीठांचे बरेच प्रबंध कृषिकोष या संकेतस्थळावर ठेवले जातात, विषय टाकून शोधता येतात. त्यात तुमच्या कुत्र्याचं नाव नसतं, क्रमांक असतो.

झिपरीचा क्रमांक, तिचा गट आणि औषधाच्या तारखा त्या विद्यार्थिनीनं एका कागदावर लिहून, सही करून दिल्या. तो कागद मी फाइलमध्ये लसीकरणाच्या कार्डाच्या मागेच ठेवला आहे. मागच्या पावसाळ्यात तिच्या कानामागे परत दोन गोचिड्या सापडल्या, अंगही तापलेलं वाटलं. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांच्या टेबलावर मी सर्वात आधी तोच कागद ठेवला.